ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत दुखतात: निदान कोणी केले, आराम कशाने पडला?

खाडीकाठ | ९ जून, रात्री १०.४०

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, वय ४३. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, उत्तरपत्रिका तपासण्याचे काम संपत आले असताना, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत बोथट दुखू लागले, आणि चौदा महिने झाले तरी ते थांबलेले नाही. बसले की सुपारीवर बसल्यासारखे वाटते. लघवी झाल्यावर शिश्नाच्या टोकाशी जळजळ होते आणि ती अर्धा-पाऊण तास रेंगाळते. सकाळी उठल्यावर त्रास सर्वांत कमी आणि शाळा सुटेपर्यंत सर्वांत जास्त, असा रोजचा क्रम ठरून गेला आहे.

लघवीचे कल्चर तीनदा झाले, सोनोग्राफी दोनदा झाली, पीएसए ही प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी एकदा झाली. सगळे अहवाल स्वच्छ आले. तरीही प्रोस्टेटला सूज असेल या अंदाजाने प्रतिजैविकांचे चार कोर्स दिले गेले, त्यातला शेवटचा सहा आठवड्यांचा होता. त्यानेही फरक पडला नाही तेव्हा ‘मनावर घेऊ नका’ असे सांगण्यात आले. हे दुखणे स्नायूंचे असू शकते, असे अलीकडे वाचनात आले. ते स्नायूंचेच आहे हे नेमके कसे ठरवतात, कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, आणि आपल्या भागात कोणाला यातून आराम पडला आहे का, हे कृपया लिहावे. घरी पत्नीखेरीज कोणाला हे सांगितलेले नाही.

अंगण | १० जून, सकाळी ७.०५

आमच्याकडे याला उन्हाळी लागणे म्हणतात. धने-जिऱ्याचे पाणी रात्रभर भिजवून सकाळी घ्यावे, आमसुलाचे सरबत घ्यावे, तिखट आणि सुके मासे काही दिवस बंद ठेवावेत. माझ्या यजमानांना यानेच उतार पडत असे.

सुरंगी | १० जून, दुपारी २.२०

अंगणकाकू, उन्हाळी लागते ती दोन-चार दिवसांत उतरते. चौदा महिने राहिलेल्या त्रासाला ते नाव पुरेसे नाही असे मला वाटते. मात्र तिखट कमी केल्याने आणि पाणी नीट प्यायल्याने मूत्राशयाची जळजळ काहींना कमी जाणवते, हा माझाही अनुभव आहे.

माझे बाळंतपण होऊन सहा वर्षे झाली. टाके भरले, पण दुखणे राहिले: संबंधाच्या वेळी आत भिंतीला टेकल्यासारखे दुखे, दुसऱ्या दिवशी मांडीपर्यंत ठणके, लघवीला दर तासाला जावेसे वाटे. अडीच वर्षे मी गर्भाशयाच्या सोनोग्राफ्या करत राहिले. शेवटी सावंतवाडीहून गोव्याला एका महिला फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने तपासताना डाव्या बाजूला आत एका ठिकाणी बोटाने हलके दाबले आणि मी दचकून म्हणाले, ‘हेच, हेच ते दुखणे.’ तिने दाब तसाच ठेवला आणि मला सावकाश श्वास सोडायला सांगितले. मिनिटभराने ते ठणकणे तिच्या बोटाखाली विरघळत गेले. अडीच वर्षांत माझे दुखणे कोणाच्या तरी हाताला लागले, याचेच मला रडू आले. खाडीकाठदादा, अहवाल स्वच्छ येतात याचे कारण यातली कोणतीही तपासणी स्नायूला हात लावून पाहत नाही.

पाठकणा | १० जून, रात्री ९.१५

मी चिपळूणजवळ फिजिओथेरपीचे काम करते. सुरंगी यांनी जे वर्णन केले आहे तीच निदानाची किल्ली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पुढे जघनाचे हाड, मागे माकडहाड आणि दोन्ही बाजूंना आपण ज्यांवर बसतो ती हाडे, यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयही या झोळीच्या आधाराने असतात. तिच्यातला मोठा स्नायूसमूह म्हणजे लेव्हेटर अ‍ॅनाय. त्याला लागूनच ऑब्ट्युरेटर इंटर्नस नावाचा, खुब्यात मांडी बाहेर वळवणारा स्नायू असतो. विहिरीतून पाणी शेंदताना दोर तसाच ताणून धरून अर्धा तास उभे राहिले तर दंड जसा भरून येतो, तसेच या झोळीचे होते. मूत्रसंसर्ग, कठीण बाळंतपण, माकडहाडावर पडणे, जुना मलावरोध, किंवा दीर्घ काळची धास्ती, यांपैकी कशानेही माणूस नकळत ही झोळी आवळून धरू लागतो. मूळ कारण निघून गेले तरी आवळण्याची सवय मागे राहते. दुखते म्हणून आवळले जाते आणि आवळल्यामुळे दुखते, असे ते फिरत राहते, आणि काही महिन्यांनी मज्जासंस्थाही इतकी हळवी होते की साध्या स्पर्शालाही वेदना म्हणू लागते. यात ‘मनाचे’ काही असेल तर ते एवढेच, की भीतीने स्नायू आवळतात. वेदना मात्र खरी असते.

तपासणी अशी होते. मी आधी रुग्णाचा श्वास पाहते, कारण यातले बहुतेक लोक पोट आत ओढून छातीनेच श्वास घेत असतात. मग पोटाची भिंत, जांघ, खुबा, कंबर आणि मांडीची आतली बाजू चाचपते. आतली तपासणी रुग्णाने स्पष्ट संमती दिली तरच, आणि तो ‘थांबा’ म्हणताच थांबायचे. हातमोजा आणि जेली लावलेले एकच बोट असते. पुरुषांमध्ये गुदद्वारातून, स्त्रियांमध्ये योनीतून. पाठीवर झोपलेल्या रुग्णाच्या बाबतीत जघनाचे हाड १२ वर आणि गुदद्वार ६ वर मानले, तर घड्याळाच्या तबकडीवर साधारण ३ ते ५ आणि ७ ते ९ या भागात लेव्हेटर लागतो. प्रत्येक जागी ० ते १० मध्ये वेदना विचारते, आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न विचारते: तुमचे नेहमीचे दुखणे याने जागे झाले का? मग ‘आवळा’ आणि ‘सोडा’ सांगते. आवळणे बहुतेकांना जमते. सोडताना स्नायू अर्ध्यावरच अडकतो किंवा थरथरतो, आणि मला नेमके तेच पाहायचे असते.

कातळसडा | ११ जून, सकाळी ११.३०

माझे मत वेगळे आहे. ओटीपोटाचे स्नायू कमजोर झाले की सगळे त्रास सुरू होतात. दुसऱ्या बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना लघवी सुटत असे. रोज केगल व्यायाम, म्हणजे हे स्नायू आवळण्या-सोडण्याचे व्यायाम, केले आणि तीन महिन्यांत पूर्ण बरी झाले. खाडीकाठ यांनीही तेच सुरू करावेत.

पाठकणा | ११ जून, दुपारी १.५०

कातळसडा, तुम्हाला ज्यासाठी गुण आला त्यासाठीच तो व्यायाम आहे. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो १९४८ मध्ये मांडला, तो बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी आणि लघवी सुटण्यासाठी. इथे मात्र स्नायू आधीच आवळलेला आहे. भरून आलेल्या दंडाने आणखी शंभर कळशा शेंदायला सांगण्यासारखे ते होईल. माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी कितीतरी जणांचे दुखणे फोनवरचे पाहून केलेल्या केगलमुळे वाढलेले असते.

कातळसडा | ११ जून, दुपारी ४.१०

पण आवळलेला स्नायूही कमजोर असू शकतो ना? माझ्या बहिणीला दुखणेही आहे आणि लघवीही सुटते. मग तिने काय करावे?

पाठकणा | ११ जून, रात्री ८.४०

हा प्रश्न अगदी रास्त आहे. सतत आखडलेल्या स्नायूला पुढे आवळायला जागाच उरत नाही, म्हणून शिंकेच्या क्षणी तो कामाला येत नाही आणि लघवी सुटते. अशा वेळी क्रम महत्त्वाचा: आधी सोडायला शिकायचे, दुखणे उतरू द्यायचे, आणि मग गरज असेल तर देखरेखीखाली ताकद वाढवायची. तुमच्या बहिणीला कोणी तपासल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच सुरू करू देऊ नका.

देवराई | १२ जून, सकाळी ६.३०

मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रोस्टेटच्या दाहाचे चार प्रकार ठरवले; ते वर्गीकरण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला तीव्र जिवाणूजन्य, दुसरा जुनाट जिवाणूजन्य, तिसरा ‘जुनाट ओटीपोटदुखी’, ज्यात जिवाणू सापडत नाहीत, आणि चौथा लक्षणेच नसलेला. दवाखान्यात ‘प्रोस्टेटायटिस’ म्हणून येणाऱ्या पुरुषांतले बहुसंख्य तिसऱ्या प्रकारातले असतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांत स्नायूंचा वाटा मोठा असतो. तिथे प्रतिजैविकांचे कोर्स मागून कोर्स देणे मला योग्य वाटत नाही. आम्हीही त्या काळी तेच केले, कारण बोटाने प्रोस्टेट चाचपायला आम्हाला शिकवले होते, त्याच्या शेजारचा स्नायू चाचपायला कोणी शिकवले नव्हते. फ्लुओरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविके तर कण्डरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि मज्जातंतूंना इजा करू शकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये त्यांबाबतचा इशारा अधिक कडक केला.

खाडीकाठ यांनी एक काम आजच करावे. वर सांगितलेल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची लक्षणांची प्रश्नावली आहे. वेदना, लघवी आणि जगण्यावरचा परिणाम मिळून तिचे गुण ० ते ४३ असतात. आजचे गुण लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. गुण ६ ने उतरले तर फरक खरा मानतात. वेदनेला रोजची आठवण राहत नाही, म्हणून कागद लागतो.

आणि एक सूचना सर्वांसाठी. लघवीतून किंवा शौचावाटे रक्त, ताप, विनाकारण वजन घटणे, लघवी अजिबात न होणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, शौच नकळत होणे, यांपैकी काही असेल तर स्नायूंचा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर गाठावा. स्त्रियांमध्ये एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), दोघांमध्येही मूत्राशयाचा जुनाट दाह, फिशर (गुदद्वाराची चीर), हर्निया आणि खुब्याचा आजार पाहून घ्यावा. स्नायूचे निदान म्हणजे ‘बाकी काही सापडले नाही’ असे नव्हे. बोटाखाली तेच दुखणे जागे होणे हा त्याचा स्वतःचा पुरावा आहे.

मचवा | १२ जून, रात्री ९.५५

माझे वय ६१. हर्णैला मच्छीमार नौकांची इंजिने दुरुस्त करण्यात आयुष्य गेले. माझे दुखणे गुदद्वाराच्या आत, वर, डाव्या बाजूला. संध्याकाळी बसले की दोन-दोन तास ठणकत राही. मूळव्याध म्हणून माझे ऑपरेशन झाले, जखम भरली आणि दुखणे होते तिथेच राहिले. पाच वर्षांनी एका पोटविकारतज्ज्ञांनी लेव्हेटर सिंड्रोम असे नाव सांगितले. अर्धा तास किंवा त्याहून अधिक टिकणारे दुखणे ते हे; काही सेकंदांची किंवा मिनिटांची कळ येऊन जाते तो प्रकार वेगळा, असे त्यांनी समजावले.

मला बायोफीडबॅक दिले. आत एक लहान नळी ठेवतात आणि समोरच्या पडद्यावर आपल्या स्नायूची रेघ दिसते. मी सैल बसलो आहे असे मला वाटत होते, आणि रेघ वर चढलेली होती. तिसऱ्या खेपेला ती पहिल्यांदा खाली उतरली आणि मला कळले की सैल म्हणजे काय. आज महिन्यातून एखाद्या वेळी दुखते. जे झाले ते झाले, पण आधी कोणी तपासले असते तर ऑपरेशन टळले असते, याचे वाईट वाटते.

देवराई | १३ जून, सकाळी ६.५०

मचवा यांच्या अनुभवाला आधार आहे. इटलीतल्या १५७ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तपासताना ज्यांचा लेव्हेटर दुखत होता, त्यांच्यापैकी बायोफीडबॅकने ८७ टक्क्यांना, विद्युत उत्तेजनाने ४५ टक्क्यांना आणि मालिशने २२ टक्क्यांना पुरेसा आराम पडला. ज्यांचा स्नायू तपासताना दुखत नव्हता त्यांना मात्र कशानेच विशेष गुण आला नाही. नीट तपासणीचे मोल यावरून कळते.

सुरंगी | १३ जून, दुपारी १२.१५

देवराईकाका, मला तर हातानेच गुण आला. मालिशीला इतके कमी लेखू नये.

पाठकणा | १३ जून, दुपारी ३.३०

दोघांचेही बरोबर आहे, कारण ‘मालिश’ या एका शब्दात दोन वेगळी कामे येतात. त्या अभ्यासातले मालिश लेव्हेटरपुरते होते. सुरंगी यांना मिळाले ते मायोफॅशियल उपचार म्हणजे पोट, मांडी, नितंब आणि आतला स्नायू या सगळ्यांवर दुखरी जागा शोधून, दाबून, ताणून केलेले काम. मूत्राशयाच्या दुखण्यासह हे स्नायू दुखत असलेल्या ८१ स्त्रियांवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला. दहा सत्रांनंतर या उपचाराने ५९ टक्क्यांना आणि सर्वसाधारण अंगमालिशने २६ टक्क्यांना सुधारणा वाटली.

अबोली | १४ जून, रात्री ११.२०

मी अविवाहित आहे, वय २४. दुखणे सुरंगीताईंसारखेच आहे. आतली तपासणी करायला माझे मन तयार नाही आणि आईलाही ते पटणार नाही. मग माझे निदान होणारच नाही का?

पाठकणा | १५ जून, सकाळी ८.००

होईल. बाहेरून, बसायच्या हाडाच्या आतल्या कडेने, कपड्यावरूनही बरेच कळते. पोटावर किंवा खाली बाहेरून ठेवलेल्या सोनोग्राफीच्या यंत्राने स्नायू सुटतो की नाही हे पाहता येते. श्वास, खुब्याच्या हालचाली आणि घरचे व्यायाम यांपासून सुरुवात करता येते. आईला सोबत घेऊन जा, महिला फिजिओथेरपिस्ट मागा, आणि आतली तपासणी नको हे पहिल्याच वाक्यात सांगा. ते सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गाडीवाट | १५ जून, दुपारी १.४०

उपचाराला जायचे तर प्रवासच दुखणे वाढवतो, ही आपल्याकडची खरी अडचण आहे. मी मुंबईला उपचारासाठी जाताना तुतारी एक्सप्रेसने झोपून जातो, कारण महामार्गावर एसटीत बसून गेलो की पुढचे दोन दिवस वाया जातात. मोटारसायकल तर मी पूर्ण सोडली. खड्डा दिसला की आपण बैठक आवळतो, हे मला फार उशिरा लक्षात आले.

खाडीकाठ | १६ जून, रात्री १०.००

सर्वांचे मनापासून आभार. प्रश्नावली भरली, २७ गुण आले. गाडीवाट यांचे वाक्य वाचून आज शाळेत जाताना लक्ष ठेवले. घरापासून फाट्यापर्यंतच्या चार किलोमीटरांत मी किती वेळा आवळले ते मोजता आले नाही, कारण मुळात सोडलेच नव्हते. दात आणि खांदेही तसेच. कोल्हापूरच्या एका फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली आहे.

खाडीकाठ | २८ जुलै, रात्री ९.३०

पाऊस आणि अणुस्कुरा घाट यांच्या कृपेने सहा आठवड्यांत चारच सत्रे झाली. पहिल्या तपासणीत उजव्या बाजूला, पुढच्या भागात बोट टेकले आणि शिश्नाच्या टोकाशी तीच जळजळ उमटली. चौदा महिने मी ज्या जळजळीसाठी गोळ्या घेतल्या, तिचे मूळ चार इंच मागे होते. मी काही बोललो नाही. त्यांनीच चेहऱ्यावरून ओळखले आणि ‘लागले का?’ असे विचारले.

घरी पडवीत चटईवर पाठ टेकून, पाय खुर्चीवर ठेवून, एक हात पोटावर घेऊन पाच मिनिटे श्वास घेतो, दिवसातून तीनदा. श्वास घेताना पोट आणि बरगड्यांच्या कडा फुगतात आणि खालची झोळी आपोआप खाली उतरते. सोडताना काहीही आवळायचे नाही. पहिले दहा दिवस मला खाली काहीच जाणवले नाही. मग एका सकाळी, लघवी सुरू होण्याच्या आधी जे सुटते तेच आडवे असताना सुटले. शिवाय बालासन, मालासन, रात्री घंगाळात सोसेल इतक्या, साधारण ४० अंश गरम पाण्यात पंधरा मिनिटे बसणे, आणि शौचाला कुंथणे बंद. युरॉलॉजिस्टनी रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम सुरू केले आहे. तोंडाला कोरड पडते, पण झोप लागते. शाळेत दर तासाच्या घंटेला मी आता स्वतःला तपासतो: जबडा, खांदे, पोट, बैठक. गुण २२.

अंगण | २९ जुलै, सकाळी ७.२०

वाचून फार बरे वाटले. माझ्या यजमानांचेही कदाचित हेच असावे. आता ते नाहीत, पण माझ्या मुलाला मी हा धागा दाखवला आहे.

देवराई | २९ जुलै, सकाळी ७.४५

अ‍ॅमिट्रिप्टिलीन अनेकांना उपयोगी पडते, परंतु वय जास्त असेल, लघवी अडत असेल, काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. मनाने सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये. एवढ्यानेही स्नायू सुटला नाही तर दुखऱ्या जागी भुलीचे किंवा बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. ते मोठ्या केंद्रातच घ्यावे आणि शेवटी घ्यावे.

खाडीकाठ | गणपतीनंतर, रात्री ८.१५

गुण १४. गेल्या महिन्यात दोनदा दुखणे उसळले, एकदा लागोपाठ तीन दिवस. पहिल्या वेळी वाटले की सगळे पुन्हा मूळपदावर आले, पण आठवडाभरात ते उतरले. आता एकच अडचण आहे. आमच्या वाडीत घरोघरी भजने चालू आहेत आणि मांडी घालून जमिनीवर बसले की विसाव्या मिनिटाला सुपारी परत येते. न जाणे जिवावर येते. काही उपाय आहे का?

पाठकणा | त्याच रात्री, ९.००

दोन टॉवेलांच्या घट्ट घड्या करा आणि दोन्ही बाजूंच्या बसायच्या हाडांखाली एकेक ठेवा, म्हणजे मधली जागा अधांतरी राहील. पाठ भिंतीला असू द्या. दर वीस मिनिटांनी उठून दाराशी जाऊन या. भजनात कोणी विचारणार नाही.

खाडीकाठ | दुसऱ्या दिवशी, रात्री ११.३०

तशा घड्या करून बसलो. दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठायची वेळ झाली तेव्हा गवळण सुरू झाली होती, म्हणून ती संपेपर्यंत बसून राहिलो.